तंबू कुठे ठोकावा? स्कॉटलंडमधल्या मोकळ्या मुक्कामाचा आढावा

युरोपात तंबू टाकून सुट्टी घालवायची म्हटली की स्कॉटलंडचं नाव पहिल्या चार-पाच नावांत येतंच. त्याचं एक कारण डोळ्यांना दिसतं. पश्चिम किनाऱ्यावर समुद्राचे फाटे डोंगरांच्या पायथ्यापर्यंत आत शिरलेले आहेत, उन्हाळ्यात उत्तर भागात दिवस सतरा-अठरा तासांचा असतो, आणि शहरं एका मधल्या पट्ट्यात दाटलेली असल्याने बाकीचा देश मोकळा वाटतो. दुसरं कारण कायद्यातलं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये दुसऱ्याच्या जमिनीवर रात्र काढायची तर जवळजवळ सगळीकडे मालकाची परवानगी लागते. स्कॉटलंडमध्ये बहुतांश मोकळ्या जमिनीवर ती लागत नाही. त्यामुळे इथे जागा निवडणं म्हणजे यादीतली एखादी कॅम्पसाइट आरक्षित करणं एवढंच राहत नाही. निवड प्रवाशाकडे सोपवलेली आहे, आणि म्हणूनच गेली वीस वर्षं तिच्यावरून वाद चालू आहे. हा वाद कुठून आला, त्यात कोण काय म्हणतं आणि अजून काय सुटलेलं नाही, हे इथे क्रमाने पाहायचं आहे. या वादात कोणी निसर्गाच्या बाजूने बोलतं, कोणी स्वातंत्र्याच्या, कोणी पाहुण्यांच्या वागणुकीविषयी. हाती असलेला पुरावा मात्र मला सतत एकाच साध्या गोष्टीकडे नेतो: जागा मोटाररस्त्यापासून किती लांब आहे.

पार्श्वभूमी

स्कॉटलंडमधली ‘पाहण्यासारखी’ ठिकाणं आज आपण निवडतो असं वाटलं, तरी त्यांतली बरीच दोनशे वर्षांपूर्वी निवडली गेली आहेत. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हायलँड हा उत्तर-पश्चिमेचा डोंगराळ भाग म्हणजे भीतीचा, टाळण्याचा प्रदेश होता. शतकाच्या अखेरीस चित्रासारख्या दृश्यांचा शोध घेत हिंडण्याची हौस इंग्रज सुशिक्षितांत रुजली. १८०३ मध्ये विल्यम आणि डोरोथी वर्ड्‌सवर्थ ही भावंडं याच भागातून फिरली. १८१० मध्ये वॉल्टर स्कॉट यांचं ‘द लेडी ऑफ द लेक’ हे दीर्घकाव्य आलं, आणि त्यातला लॉख कॅट्रिन पाहायला घोडागाड्या भरभरून लोक येऊ लागले. (लॉख म्हणजे सरोवर, किंवा समुद्राचा जमिनीत शिरलेला फाटा.) ट्रॉसक्स, लॉख लोमंड, ग्लेनको ही नावं तेव्हापासून घट्ट झाली. गाडी जिथवर जाते तिथून जे सुंदर दिसतं ते प्रसिद्ध झालं. गाडीरस्त्यापासून दिवसभराच्या चालीवर असलेल्या तितक्याच देखण्या दऱ्या प्रसिद्धीबाहेर राहिल्या. आजची गर्दी जिथे होते तो नकाशा मोठ्या प्रमाणात तेव्हाच आखला गेला.

एकोणिसाव्या शतकातच दुसरी गोष्ट घडत होती. हायलँडमधल्या विस्तीर्ण जागा आधी मेंढपाळीसाठी आणि मग हरणांच्या शिकारीसाठी राखल्या गेल्या, आणि चालणाऱ्यांना वाटा बंद होऊ लागल्या. १८६५ च्या अतिक्रमणविषयक कायद्याने परवानगीशिवाय खासगी जमिनीवर मुक्काम करणं किंवा आग पेटवणं हा गुन्हा ठरवला. जेम्स ब्राइस यांनी १८८४ मध्ये डोंगर सर्वांना खुले करणारं विधेयक संसदेत मांडलं. ते मंजूर झालं नाही, पुढे वारंवार मांडूनही झालं नाही. दरम्यान तंबू मात्र सामान्यांच्या आवाक्यात येत होता. टॉमस हायरम होल्डिंग या शिंप्याने सायकलवर वाहून नेता येईल असा हलका तंबू शिवला, १९०१ मध्ये सायकलवरून मुक्कामाला जाणाऱ्यांची संघटना सुरू केली आणि १९०८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. १९३० च्या दशकातल्या मंदीत ग्लासगो आणि क्लाइडबँकचे बेकार तरुण शहराबाहेर क्रेगॅलियन तळ्याकाठच्या शेकोटीभोवती जमत आणि तिथून डोंगरांकडे निघत. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे, कारण मोकळ्यावरचा मुक्काम ही स्कॉटलंडमध्ये श्रीमंतांची हौस कधीच नव्हती. कायदा त्याला गुन्हा म्हणत होता, रूढी त्याला मुभा देत होती, आणि विसाव्या शतकाचा बराच काळ ही दोन्ही सत्यं शेजारी शेजारी नांदली.

२००३ चा कायदा

नव्या स्कॉटिश संसदेने २००३ मध्ये जमीन सुधारणा कायदा केला आणि ही संदिग्धता संपवली. फेब्रुवारी २००५ पासून लागू झालेल्या त्याच्या पहिल्या भागाने जवळजवळ सगळ्या जमिनीवर आणि अंतर्गत पाण्यावर सर्वांना फिरण्याचा हक्क दिला. तंबूतला मुक्काम त्यात आला. घरं आणि त्यांच्या भोवतीची खासगीपणासाठी लागणारी जागा, उभं पीक, शाळांची आवारं अशा गोष्टी वगळल्या. हक्क ‘जबाबदारीने’ वापरला तरच तो हक्क, अशी अट घातली, आणि जबाबदारी म्हणजे काय हे सांगायला एक संहिता तयार केली. त्या संहितेनुसार मुक्काम हलका असावा, माणसं थोडी असावीत, एका जागी दोन-तीन रात्रींहून जास्त राहू नये, वस्तीपासून आणि रस्त्यांपासून दूर राहावं, शौचाची जागा वाहत्या किंवा साठलेल्या पाण्यापासून निदान ३० मीटर लांब असावी, आणि जंगलात किंवा पीटच्या जमिनीवर उघडी आग कधीही पेटवू नये. पीट म्हणजे ओलाव्यात अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे हजारो वर्षं साठत आलेले थर. ते आतून धुमसत राहतात. वरची आग विझली तरी खालची विझत नाही.

इथे नॉर्वेशी तुलना केल्याखेरीज स्कॉटिश कायद्याचा स्वभाव कळत नाही. नॉर्वेच्या १९५७ च्या कायद्यात आकडे आहेत: वसलेल्या घरापासून १५० मीटर दूर राहा, आणि एकाच जागी दोन दिवसांहून जास्त राहायचं असेल तर मालकाला विचारा. स्कॉटलंडने अंतराचा आकडा जाणूनबुजून टाळला आणि भर विवेकावर ठेवला. समर्थक म्हणतात की डोंगरदरीतल्या अरुंद नदीकाठाला आणि हॅरिस बेटाच्या उघड्या किनाऱ्याला एकच मोजपट्टी लावणं अन्यायाचं होईल. टीकाकारांचं म्हणणं असं की ज्याला विवेक आहे त्याला कायद्याची गरज नव्हती, आणि ज्याला नाही त्याला ‘जबाबदारीने’ या शब्दाने काहीच अडत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की ‘रस्त्यांपासून दूर’ ही सूचना संहितेत सुरुवातीपासून होती, पण ती अनेक सूचनांपैकी एक म्हणून आली आणि जवळजवळ दुर्लक्षित राहिली.

लॉख लोमंडचा उपविधी

कायद्याची कसोटी लागली ती लॉख लोमंडवर. सुमारे ७१ चौरस किलोमीटरचं हे सरोवर क्षेत्रफळाने ब्रिटनच्या मुख्य बेटावरचं सर्वांत मोठं, आणि त्याच्या भोवतीचं राष्ट्रीय उद्यान २००२ मध्ये झालेलं स्कॉटलंडमधलं पहिलं. देशाची जवळपास निम्मी लोकसंख्या या उद्यानापासून तासाभराच्या मोटारप्रवासावर राहते. पूर्वेच्या काठाने बाल्माहाहून रोवर्डेननला जाणारा एकच अरुंद रस्ता आहे आणि तो तिथेच संपतो. उन्हाच्या शनिवार-रविवारी या रस्त्याच्या कडेने तंबूंची रांग लागे. सोमवारी तोडलेली झाडं, जळालेले चौथरे, तिथेच टाकून दिलेले स्वस्त तंबू आणि बाटल्या उरत. २०११ मध्ये पूर्वकाठासाठी उपविधी आला, आणि १ मार्च २०१७ पासून तो इतर सरोवरांच्या काठांवर विस्तारला. मार्च ते सप्टेंबर या काळात ठरवून दिलेल्या पट्ट्यांत परवान्याशिवाय तंबू टाकणं गुन्हा ठरलं, दंड ५०० पौंडांपर्यंत. या पट्ट्यांचं क्षेत्र उद्यानाच्या सुमारे ४ टक्के आहे. त्याबरोबर अल्प शुल्काच्या परवानाजागा आखल्या गेल्या आणि लॉख खॉनकाठी एक साधी कॅम्पसाइट उभारली.

बाजू इथे स्पष्ट झाल्या. उद्यान प्राधिकरण आणि काठावरचे बरेच रहिवासी म्हणाले की समज देऊन, फलक लावून, वनरक्षक फिरवून वर्षं गेली. नाजूक काठांची झीज थांबवायला संख्येला मर्यादा हवीच. रॅम्बलर्स स्कॉटलंड आणि माउंटेनियरिंग स्कॉटलंड या संस्थांनी विरोध केला. झाडं तोडणं, कचरा टाकणं, दारू पिऊन दंगा करणं हे सगळं आधीच गुन्हा आहे, ते कायदे वापरा. तंबू हाच गुन्हा ठरवलात तर नीट वागणारा पायी प्रवासी आणि दंगेखोर यांत फरक उरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. इथून अडवलेले लोक पुढच्या सरोवराकडे सरकतील, हा त्यांचा दुसरा मुद्दा, आणि तो नुसता अंदाज म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

या दोन बाजू एकमेकींचं खंडन करतात त्यापेक्षा वेगवेगळ्या जागांविषयी बोलतात, असं मला वाटतं. प्राधिकरणाने दाखवलेलं नुकसान जवळजवळ सगळं गाडी उभी करता येते तिथून काही मिनिटांच्या अंतरावरचं आहे. जड तंबू, खुर्च्या, शीतपेटी, सरपण तोडायची कुऱ्हाड हे सामान पाठीवर घालून कोणी तीन तास चढत नाही. संस्था ज्याच्या हक्कासाठी लढतात तो प्रवासी मात्र बहुधा त्या तीन तासांच्या पलीकडे असतो. उपविधीचे पट्टे रस्त्यालगतच्या काठांपुरतेच मर्यादित राहिले, हेही याच निरीक्षणाची कबुली देतं. ग्लेन एटिव्हचं उदाहरण तसंच आहे. ‘स्कायफॉल’ या २०१२ च्या बाँडपटात दिसलेला तिथला एकेरी रस्ता गाड्यांनी भरला आणि नदीकाठ कचऱ्याने. त्याच दरीच्या वरच्या कुशीत फारसं काही बदललं नाही.

यावर गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून चालणार नाही. रस्त्यालगतची जागा ज्यांना हवी असते त्यांत लहान मुलं असलेली कुटुंबं आहेत, म्हातारी माणसं आहेत, ज्यांना चालता येत नाही ती आहेत, आणि हलक्या तंबूवर शेकडो पौंड घालू न शकणारे कामगारही आहेत. त्यांच्यावर बंदी घालून डोंगर धडधाकट आणि सुसज्ज लोकांना खुला ठेवायचा, तर १९३० च्या दशकातल्या त्या बेकार तरुणांचा वारसा आपण उलटा केला असं होईल. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्याचं उत्तर रस्त्यालगत सगळं मोकळं सोडणं हे नसून तिथे शौचालय, पाणी आणि कचऱ्याची सोय असलेल्या स्वस्त कॅम्पसाइट पुरेशा संख्येने असणं हे आहे. हक्क फुकट असतो, सोय फुकट नसते. आणि २००३ च्या कायद्याने हक्क दिला तेव्हा सोयीसाठी तितका पैसा बाजूला ठेवला नाही.

चाकांवरचा मुक्काम

अंतराचा मुद्दा सर्वांत उघडपणे दिसतो तो कॅम्परव्हॅनच्या बाबतीत. २०१५ मध्ये इन्व्हर्नेसहून निघून उत्तर किनाऱ्याने पुन्हा इन्व्हर्नेसला येणारा ‘नॉर्थ कोस्ट ५००’ हा पाचशेहून थोड्या जास्त मैलांचा मार्ग जाहीर झाला आणि भाड्याच्या कॅम्परव्हॅनचा ओघ सुरू झाला. २०२० च्या उन्हाळ्यात, टाळेबंदी उठल्यावर परदेशी जाता येत नव्हतं तेव्हा, तो फार वाढला. २००३ च्या कायद्यातला हक्क मोटारवाहनांना लागू नाही. गाडीत झोपणं त्यात येत नाही. रस्त्यापासून १५ यार्डांपर्यंत गाडी उभी करायला जाणं वाहतूक कायद्याने गुन्हा नाही, पण त्यातून तिथे थांबण्याचा हक्कही मिळत नाही. तरीही व्यवहारात तंबूवाल्यापेक्षा गाडीवाला मोकळा राहिला. रस्त्याकडेचे थांबे सार्वजनिक रस्त्याचाच भाग असल्याने लॉख लोमंडचा उपविधीसुद्धा तिथल्या गाड्यांना नीट लागू करता आला नाही. स्वतःच्या पायांनी आलेल्याला परवाना लागावा आणि इंजिनावर आलेल्याला लागू नये, ही विसंगती अजून तशीच आहे. काही बेटांवर गावकऱ्यांच्या न्यासांनी गाड्यांसाठी मोजक्या जागा आखून शुल्क घ्यायला सुरुवात केली आहे. त्यांतून जमा झालेला पैसा तिथेच राहतो, म्हणून मला ही वाट आशादायक वाटते.

देखणेपण कोणाचं

सरकारनेही सुंदर प्रदेशांची यादी केली आहे. स्कॉटलंडमध्ये ४० ‘राष्ट्रीय निसर्गरम्य क्षेत्रं’ आहेत आणि ती देशाचा सुमारे आठवा भाग व्यापतात. २०१४ मध्ये त्याखेरीज ४२ ‘वन्य भूप्रदेश’ नकाशावर आखले गेले. या दुसऱ्या यादीवर हायलँडमधल्या काही लोकांचा राग आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. ज्या दऱ्या आज ओसाड आणि म्हणून ‘वन्य’ दिसतात, त्यांपैकी कित्येक अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कुळांना हुसकावून रिकाम्या केल्या गेल्या. सदरलंडमधली स्ट्रॅथनेव्हरची दरी १८१४ आणि १८१९ मध्ये रिकामी झाली. डोंगरउतारावर तपकिरी गवतात मधेच दिसणारा हिरवा, सपाट, तंबूला अगदी योग्य तुकडा म्हणजे पुष्कळदा जुन्या घरांची किंवा उन्हाळी गुरवाड्यांची जागा असते; पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेणखताने ती जमीन अजून हिरवी आहे. तिथे झोपू नये असं कोणी म्हणत नाही. पण इथे कधीच कोणी राहत नव्हतं, अशा समजुतीने जागेचं वर्णन करणं चुकीचं आहे, एवढं त्या लोकांचं म्हणणं आहे. १९९७ मध्ये एग बेट तिथल्या रहिवाशांनी विकत घेतलं, २००३ मध्ये उत्तर हॅरिसची जमीन स्थानिक न्यासाकडे आली. तेव्हापासून पाहुण्यांना कुठे जागा द्यायची हे ठरवताना दृश्याबरोबर मेंढ्यांचा विण्याचा हंगाम, मखार नावाच्या किनारी कुरणातली रानफुलं आणि शाळेच्या बसला वळायला लागणारी जागाही मोजली जाते. शिंपल्यांच्या वाळूवर वाढलेलं हे कुरण जगात फक्त स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या पश्चिम बाजूला सापडतं, आणि सपाट असल्यामुळे तंबूवाल्यांना नेमकं तेच आवडतं.

जागेची पारख

मग निवडायचं कशावरून? अनुभवी डोंगरभटक्यांत या बाबतीत मतभेद फार नाहीत, आणि त्यांचे निकष फोटोच्या निकषांशी बहुतेक वेळा जुळत नाहीत. फोटोत सुंदर दिसणारी जागा म्हणजे निवाऱ्याचा, झाडांनी वेढलेला, निश्चल पाण्याचा काठ. तीच जागा मिज या चिलटांची आवडती. मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत पहाटे आणि संध्याकाळी ती झुंडीने येतात. वारा ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या वर गेला की त्यांना उडता येत नाही. म्हणून जाणकार माणूस काठापासून वर, वारा लागेल अशा सपाटीवर किंवा समुद्राकडे उघड्या टेकाडावर तंबू ठोकतो. नेच्याच्या दाट झुडपांत गोचीड असतात आणि त्यांतून लाइम रोग होतो, तेव्हा आखूड गवत बरं. नदीकाठची वाळू रात्रीतल्या पावसाने पाण्याखाली जाऊ शकते. पश्चिम हायलँडच्या काही डोंगरांवर वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्व किनाऱ्यावर त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. पूर्वेकडे गेलं की कोरडी रात्र मिळण्याची शक्यता वाढते, ही साधी गोष्ट प्रसिद्ध जागांच्या याद्या सांगत नाहीत, कारण त्या याद्या पश्चिमेच्या आहेत.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना इथे एक सोय आपोआप मिळते. आपल्याकडची मे महिन्याची सुट्टी स्कॉटलंडच्या तुलनेने कोरड्या आणि चिलटांआधीच्या दिवसांत येते. मात्र याच दिवसांत जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा विणीचा हंगाम असतो. केर्नगॉर्म्स डोंगररांगेच्या पाइनरानांतला कॅपरकेली हा मोठा रानकोंबडा २०२१-२२ च्या गणनेत सगळ्या देशात मिळून ५३२ च उरला होता. तिथे पायवाटेपासून दूर रानात घुसून तंबू टाकणं, एरवी कितीही आदर्श वाटलं तरी, त्या काळात चुकीचं ठरतं. अशा ठिकाणी ग्लेनमोरसारखी आखलेली कॅम्पसाइट मोकळ्या मुक्कामापेक्षा निसर्गाला सोपी जाते. म्हणजे ‘लांब जा’ हा माझा नियमही सगळीकडे चालत नाही. रस्त्याजवळ सोय हवी, दूर मोकळीक हवी, आणि काही दूरच्या जागा मोकळ्या मुक्कामातून वगळायला हव्यात.

अजून काय सुटलेलं नाही

पैशाचा प्रश्न पुढे आहे. २०२४ च्या कायद्याने स्थानिक परिषदांना मुक्कामाच्या शुल्कावर टक्केवारीने कर लावण्याची मुभा दिली आणि त्यात पैसे घेणाऱ्या कॅम्पसाइटही येतात. मोकळ्यावर तंबू टाकणारा आणि रस्त्याकडेला गाडी लावणारा यांच्याकडून मात्र काही मिळत नाही. कर लागला तर काही लोक सोयीच्या जागा सोडून फुकट काठांकडे वळतील, अशी भीती कॅम्पसाइट चालवणारे व्यक्त करतात. परिषदांचं म्हणणं, शौचालयांचा खर्च कुठून तरी यायलाच हवा.

हक्काची स्थिरता हा दुसरा प्रश्न. इंग्लंडमध्ये डार्टमूर या एका माळरानावर परवानगीविना तंबू टाकण्याची मुभा होती. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ती नाकारली, त्याच वर्षी अपील न्यायालयाने परत दिली आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. स्कॉटलंडचा हक्क स्वतंत्र कायद्यावर उभा असल्याने त्याला उलट निकालानेही थेट धक्का बसला नसता, पण हक्काच्या सीमा न्यायालयात किती लवकर हलू शकतात हे तिथल्या संस्थांनी पाहिलं.

तिसरा प्रश्न आगीचा, आणि इथे अंतराच्या निकषाला खरं आव्हान आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात कारब्रिज आणि डावा माळाच्या परिसरात हजारो हेक्टर जमीन जळाली. केर्नगॉर्म्स राष्ट्रीय उद्यानाच्या उपविधीने २०२६ पासून एप्रिल ते सप्टेंबर या काळात उघड्या आगीला बंदी केली, आणि ती रस्त्यालगतच्या पट्ट्यांपुरती नसून सगळ्या उद्यानाला लागू आहे. कचऱ्याची आणि तोडलेल्या झाडांची हानी गाडीतळाजवळ राहते. वाळलेल्या पीटमध्ये पडलेली ठिणगी, ती कितीही दूरच्या आणि कितीही नीट वागणाऱ्या माणसाच्या हातून पडली तरी, डोंगर घेऊन जाते. लॉख लोमंडने जागा बघून मर्यादा घातली, केर्नगॉर्म्सने कृती बघून. पहिल्या पद्धतीत हक्क तुकड्यातुकड्याने कमी होतो, दुसरीत तो सगळीकडे थोडा थोडा. कोरडे वसंत वाढत गेले तर कोणती पद्धत दुसऱ्या सरोवरांनी आणि परिषदांनी उचलावी, यावर भटक्यांच्या संस्था, जमीनमालक आणि अग्निशमन दल यांचं एकमत झालेलं नाही.